कोर्ट धुऊन ठेवलंय, साहेब!

सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस हा एक सण असतो. पंचांगात तो सापडत नाही, पण त्याची तयारी पंचांगातल्या सणांपेक्षा काटेकोर. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारं उजनीचं पाणी एकदा सुटलं की माणसं आधी हौद भरतात, मग पिंप, मग बादल्या, मग घागरी, मग स्वयंपाकघरातली पातेली. हे सगळं भरूनही नळ चालूच राहिला, तर धुवायला निघतात. अंगण धुतात, जिना धुतात, स्कूटर धुतात, शेजाऱ्याची स्कूटर मध्ये आली तर तीही धुतात. पाणी वाया घालवायचं नाही ही शिकवण हाडीमाशी भिनलेली असल्यामुळे ते कशावर तरी ओतलंच पाहिजे, असा आमचा हिशेब.

अशा गावात लाकडी फरशीचं बॅडमिंटन कोर्ट सांभाळायचं आहे. लाकडाला पाणी चालत नाही, ही गोष्ट जगभर मान्य आहे. सोलापुरात ती अजून मान्य व्हायची आहे.

आमच्या हॉलचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी बॅडमिंटन खेळलेला माणूस हे वाचून म्हणेल, हा तर आमचाच हॉल. पत्र्याचं छत, भिंतीवर देणगीदाराच्या नावाचं बंद घड्याळ, एका कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांची चळत आणि खाली लाकूड. त्या लाकडाला सगळे ‘वुडन’ म्हणतात. ‘आपण वुडनवर खेळतो’ हे वाक्य सोलापुरात जरा मोठ्यानं बोलायची पद्धत आहे, म्हणजे सिमेंटवर खेळणाऱ्यांना नीट ऐकू जातं.

या वुडनची देखभाल करणारे मामा सज्जन आणि कष्टाळू आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. आळशी माणसाच्या हाती लाकडी फरशी वीस वर्षं टिकते. मामा पाण्याच्या दिवशी पहाटेच येतात, बादलीत फिनेल ओततात, पांढरंशुभ्र पाणी करतात आणि सबंध कोर्ट पुसून, खरं म्हणजे न्हाऊ घालून, दारात उभे राहतात. आम्ही पोचलो की अभिमानानं म्हणतात, “कोर्ट धुऊन ठेवलंय, साहेब!”

“मामा, लाकडावर पाणी नसतं ओ टाकायचं.”

“मग स्वच्छ कसं करायचं?”

“कोरडं पुसायचं. रुंद कोरडा मॉप फिरवायचा नुसता, रोज.”

मामांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. “कोरडं पुसणं म्हणजे बिनआंघोळीचं पावडर लावल्यागत झालं की ओ साहेब.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याबरोबर खेळणाऱ्या डॉक्टरांकडंही नव्हतं, आणि ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत.

आता मामांच्या बादलीनं नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण ते खरोखर मजेशीर आहे. झाड तोडलं, फळी झाली, तिला रंधा लागला, पॉलिश चढलं, तरी लाकूड हवेतला ओलावा प्यायचं आणि सोडायचं थांबत नाही. प्यायलं की फुगतं, सोडलं की आकसतं. जगातल्या पुष्कळ चांगल्या लाकडी कोर्टांना वापरतात ते मेपल. त्याची सव्वादोन इंच रुंदीची पट्टी लाकडातला ओलावा एका टक्क्यानं वाढला की साधारण ०.२ मिलिमीटर फुगते. हे वाचून कुणाचीही झोप उडणार नाही. पण बॅडमिंटनचं कोर्ट ६.१ मीटर रुंद असतं. तेवढ्या रुंदीत अशा शंभरावर पट्ट्या एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घालून बसवलेल्या असतात. म्हणजे एका टक्क्याला दोन सेंटिमीटर. ते दोन सेंटिमीटर कुठंतरी जायला हवेत, म्हणून भिंतीच्या कडेला फट सोडून वरून लाकडी स्कर्टिंग मारतात. आमच्याकडं एका उत्साही माणसानं ‘फटीतून झुरळं येतात’ म्हणून ती फट सिमेंटनं बुजवली आहे. मग लाकूड वर यायला लागतं. त्याला दुसरी वाट ठेवलेलीच नाही.

अमेरिकेतल्या मेपल फरशीवाल्यांची एक संघटना १८९७ पासून आहे. तिचा सल्ला असा, की हॉलमधली सापेक्ष आर्द्रता वर्षभर ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी ती विशीत असते आणि ऑगस्टच्या सकाळी ऐंशीच्या घरात. मधली जी पुस्तकी आर्द्रता आहे, ती सोलापुरावरून जाते खरी, पण मुक्काम करत नाही. त्यामुळं उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यांमधल्या फटींत पाच रुपयांचं नाणं उभं राहतं आणि श्रावणात त्याच पट्ट्या एकमेकींना इतक्या खेटतात की चालताना कुरकुर ऐकू येते. हे मे आणि ऑगस्टचं भांडण लाकूड बिचारं सहन करतं. त्यात दर पाचव्या दिवशी फिनेलची बादली पडली की त्याचा तोल जातो. पाणी सांध्यातून खाली उतरतं, पट्टीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त फुगते, कडा वर येतात आणि मध्ये पन्हळ पडते.

आणि गंमत बघा, हवेतल्या ओलाव्याचं महत्त्व ज्या गावांना सगळ्यात आधी कळलं असेल, त्यांत सोलापूर आहे. इथली जुनी मिल १८७७ सालची. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून विणकामाच्या खात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवावी लागते, बाहेर लोक होरपळत असले तरी. हे मिल कामगारांच्या पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखानदाराला मध्यरात्री उठवून विचारा, तो आर्द्रतेवर अर्धा तास बोलेल. त्यातले दोघे रोज आमच्याबरोबर खेळतात. त्यांनीच मागच्या सभेत ‘लाकडाला एवढं काय ओ लाडावून ठेवायचं’ असा मुद्दा मांडला आणि तो टाळ्यांसह मंजूर झाला.

शटलचे मात्र लाड होतात. पिसांचं शटल कोरड्या हवेत ठिसूळ होतं, दोन स्मॅशमध्ये पिसं झडतात, आणि शटलचा डबा स्वतःच्या पैशानं आणायचा असतो. म्हणून आमचे डॉक्टर खेळाआधी चहाची किटली मागवतात. चहा नंतर. आधी शटलच्या डब्याची दोन्ही टोपणं काढून तो किटलीच्या तोंडावर धरतात आणि सोळा पिसांच्या त्या एकेका पाखराला वाफारा देतात. सर्दी झालेल्या पेशंटला ते इतक्या मायेनं वाफ घ्यायला सांगत नसतील. तर सुताला वाफ, शटलला वाफ आणि लाकडाला फिनेल, अशी आमच्या गावातली वाटणी आहे.

शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. जरा वारा लागला की ते भरकटतं, म्हणून खेळताना पंखे बंद. मे महिन्यात, पत्र्याखाली, पंखे बंद करून खेळणारा माणूस किती घामाघूम होतो हे सोलापूरबाहेरच्यांना शब्दांत सांगता येत नाही. हा घाम वुडनवर ठिबकतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो टिपायला कोर्टाच्या कडेला वेगळी मुलं-मुली फडकी घेऊन बसलेली असतात. खेळाडूनं हात वर केला की धावत येऊन पुसून जातात. आमच्याकडं हात वर केला तर लोकांना वाटतं, आउट दिला.

तरीही घाम, हवामान आणि मामा, हे तिन्ही मिळून जेवढं नुकसान करत नाहीत, तेवढं एका उद्घाटनात होतं.

स्पर्धेचं उद्घाटन कोर्टाच्या मधोमध व्हावं, असा एक अलिखित नियम आहे. फोटोत नेट यायला हवं. त्यासाठी आदल्या दिवशी कोर्ट धुतात. पाहुणे येणार म्हणून दोनदा धुतात. मग मधल्या रेषेवर रांगोळी. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक भुकटी, हे सुवासिनींना सांगायची आपली प्राज्ञा नाही. पण ती बुटाखाली आली की पॉलिश पेपरचंच काम करते. मग टेबल येतं, उचलून नाही, ओढत. टेबलावर प्रतिमा, प्रतिमेपुढं समई, समईत तेल, आणि वात पेटवताना प्रमुख पाहुण्यांचा हात तेलाला लागला की तो पुसायला खाली काही नसतं, वुडनशिवाय. पाहुणे चामड्याच्या टाचेच्या बुटात. ‘बाहेरचे बूट आत आणू नयेत’ अशी पाटी दारावर आहे, पण ती पाहुण्यांना वाचून कोण दाखवणार? अध्यक्ष सचिवांकडं बघतात, सचिव मामांकडं बघतात, मामा पाटीकडं बघतात.

आणि मग नारळ. नारळ फोडायला दगड लागतो. तो बाहेरून, चांगला मातीसकट आणलेला असतो. पहिल्या फटक्यात नारळ फुटत नाही, कारण सगळे बघत असतात. दुसऱ्या फटक्यात दगड सरकतो आणि फळीवर खोक पडते. तिसऱ्यात नारळ फुटतो आणि पाण्याची चिळकांडी सर्व्हिस लाइनवर. टाळ्या. ते पाणी पुसायला जायचं नसतं, ते शुभ असतं. वर हळद-कुंकू. सोलापुरातल्या एका वुडनच्या उजव्या सर्व्हिस कोर्टात हळदीचा एक तळहाताएवढा डाग आहे. नवखा खेळाडू त्यावर पाय ठेवायला कचरतो. आम्ही तिकडंच सर्व्हिस टाकतो.

लग्नांचं मी फार बोलणार नाही. हॉल रिकामा दिसला की मराठी माणसाला त्यात मांडव दिसतो, आणि हा दोष फक्त मराठी माणसाचा नाही. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकणारे प्रकाश पदुकोण बॅडमिंटन शिकले ते बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये, आणि तो लग्नाचा हॉल होता. तिथं कार्य असलं की खेळ बंद. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळलं तर जागतिक कीर्तीचा खेळाडू निघतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लग्न लावलं तर फक्त फळ्या निघतात. एका बाबतीत मात्र सोलापूरच्या प्रशासनाचं कौतुक करायला हवं. अलीकडे लोकसभेची मतमोजणी इथं रामवाडीच्या धान्य गोदामात होते. इतर किती गावांत ती क्रीडा संकुलात होत असेल आणि किती लाकडांवरून लोखंडी टेबलं ओढली जात असतील, कुणी मोजलं नसेल. लोकशाहीनं आमच्या वुडनला सोडलं, याबद्दल ऋणी आहोत.

फळी उचलली की मिस्त्री येतो. मिस्त्रींचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ खिळेवाल्यांचा. वर आलेली कड दिसली की त्यात तीन इंची खिळा ठोकायचा. फळी बसते. उन्हाळा आला की फळी आकसते आणि खिळ्याचं डोकं वर येतं, मग ‘वुडनवर खेळतो’ म्हणणारा माणूस धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन येतो. दुसरा पंथ मशीनवाल्यांचा, आणि तो जास्त घातक, कारण त्याचं काम देखणं असतं. तो फुगलेल्या कडा घासून सपाट करतो. त्या दिवशी कोर्ट आरशासारखं. पण लाकूड अजून ओलंच आहे. दोन-तीन महिन्यांनी ते वाळतं, कडा खाली जातात, आणि आता त्या कडांचं लाकूड घासून गेलेलं असल्यामुळं मधला भाग वर राहतो. आधी पन्हळ होती, आता गाढवाची पाठ. यावर उपाय एकच. पाणी कुठून आलं ते शोधायचं, ते बंद करायचं आणि काही महिने काहीही करायचं नाही. वाळू द्यायचं. पण ‘काहीही केलं नाही’ या कामाचं बिल कसं काढणार?

घासण्यालाही मर्यादा आहे. पूर्ण घासकाम केलं की दर खेपेला मिलिमीटरभर लाकूड जातं, आणि खाच-जिभेच्या वर घासण्याजोगं लाकूड पाच-सहा मिलिमीटरच असतं. म्हणून शहाण्या ठिकाणी दरवर्षी वरचं पॉलिश फक्त हलकंसं खरवडून एक नवा हात देतात आणि फळीला हात लावायची वेळ दहा-दहा वर्षं येऊ देत नाहीत. नवा हात दिल्यावर तीन दिवस तरी हॉलला कुलूप. आमच्याकडं ते कुलूप पहिल्याच संध्याकाळी निघालं. नगरसेवकांच्या मेव्हण्याला फक्त अर्धा तास खेळायचं होतं. त्यांच्या बुटाचा नऊ नंबरचा ठसा पॉलिशखाली कायमचा जपून राहिला आहे.

या अशा फरशीवर खेळायलाही एक विद्या लागते. अमेरिकेत बॉस्टनच्या बास्केटबॉल संघाची फरशी १९४६ मध्ये, महायुद्धानंतर लाकडाची टंचाई असताना, ओकच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची जोडून केली होती. तिच्यात म्हणे काही जागा अशा होत्या की तिथं चेंडू उसळायचाच नाही, आणि त्या जागा फक्त घरच्या खेळाडूंना माहीत. आख्यायिका असेल, पण मी ती मानतो. आमचे वकीलसाहेब साठीचे आहेत, धावत नाहीत, वाकत तर अजिबात नाहीत. पण मागच्या डाव्या कोपऱ्यातली चौथी फळी पोकळ आहे हे त्यांना माहीत आहे. प्रतिस्पर्ध्याला ते बरोबर तिथं पाठवतात. फळी ‘ढब्ब’ वाजते, पोरगं दचकून खाली बघतं, आणि तेवढ्यात शटल नेटपाशी. जिल्हा पातळीवरचे दोन खेळाडू त्या फळीनं गारद केले आहेत. फळी दुरुस्त करायचा ठराव आला की वकीलसाहेब कायदेशीर हरकत घेतात.

मला खरं कोडं पडतं ते तालमीकडं बघून. याच जिल्ह्यात तांबड्या मातीची काय निगा राखतात! रोज खोऱ्यानं उकरायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालायचं. चप्पल घालून हौद्याच्या कडेला उभं राहायची कुणाची टाप नाही. पैलवान आत उतरताना ती कपाळाला लावतो. मंत्री आला तरी त्याला तिथं बूट काढायला सांगावं लागत नाही, तोच काढतो. मातीला जो मान आहे तो लाकडाला का नाही? माझ्या मते कारण साधं आहे. माती वस्तादाची असते, लाकूड ठेकेदाराचं. वस्ताद रोज समोर बसलेला असतो. ठेकेदार उद्घाटनाच्या फोटोत शेवटचा दिसतो, आणि पुढं देखभालीला पैसे कुठल्या खात्यातून काढायचे हा प्रश्न अध्यक्षांपासून मामांपर्यंत घरंगळत येऊन शेवटी त्या बादलीत पडतो.

अखेर मामांना पटवलं ते आमच्या टॉवेलवाल्या कारखानदारानं, आणि तेही विज्ञानानं नव्हे. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, हे त्यानं मामांना सांगितलं, आणि किरकोळ दोष असलेले जाड टॉवेल गठ्ठ्यानं आणून दिले. “मामा, हा आपल्या गावाचा माल. हा घाम पितो. ह्यानंच पुसायचं, कोरडं.” गावाच्या अब्रूचा प्रश्न म्हटल्यावर मामांनी बादली बाजूला ठेवली. दारात दोन जाड काथ्याच्या चटयाही आल्या, कारण आमच्या काळ्या मातीचा कण बुटातून आत गेला की पुढचं घासकाम फुकटात होतं. आता मामा कोर्टाच्या कडेला टॉवेल खांद्यावर टाकून उभे असतात आणि कुणाच्या घामाचा थेंब पडला की खेळ थांबवून पुसतात. रॅली चालू असतानासुद्धा. त्याबद्दल बोलायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

तर कधी सोलापुरात आलात आणि सकाळी सहाला जाग आली, तर या खेळायला. आमचा चौथा भिडू कधीच वेळेवर येत नाही, जागा असते. फक्त आत घालायचे बूट पिशवीतून वेगळे आणा, पांढऱ्या किंवा डिंकी रबरी तळाचे, रस्त्यावर कधी न वापरलेले. आणि डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात वकीलसाहेबांनी शटल टाकलं, तर खाली बघू नका.